उडायला तारण लागतं

दर ८ मार्चला वर्तमानपत्रात एक फोटो ठरलेला असतो. विमानाच्या पायऱ्यांवर गणवेशातल्या चार-पाच जणी, हसऱ्या. खाली ओळ : सगळं विमान बायकांनी नेलं. १९८५ साली कॅप्टन सौदामिनी देशमुख यांनी कलकत्ता-सिलचर मार्गावर केवळ स्त्रिया असलेल्या चमूसह फोकर विमान नेलं, तेव्हा ती बातमी होती. आता तोच फोटो पेढ्यासारखा वाटला जातो. सोबत एक आकडा असतो. आपल्या देशात वैमानिकांमध्ये सुमारे १५ टक्के स्त्रिया आहेत, जगाच्या सरासरीच्या जवळजवळ तिप्पट. आकडा खरा आहे, आनंद आम्हालाही आहे. पण या १५ टक्क्यांत कुणाच्या मुली आहेत, हे विचारायचं नसतं.

आम्ही विचारतो, कारण गेल्या वर्षी आमच्या केंद्रावर एक मुलगी तिच्या आत्याबरोबर आली. बारावीला गणित-भौतिकशास्त्रात उत्तम गुण. पायलट व्हायचं होतं. केंद्रावर येण्याआधी तिने सगळा हिशेब वहीत मांडला होता. व्यावसायिक परवान्यासाठी २०० तासांचं उड्डाण. त्याचे ४० ते ६० लाख. फुरसतगंजची इंदिरा गांधी राष्ट्रीय उडाण अकादमी तर केंद्र सरकारची, पण तिथली फीसुद्धा ४५ लाखांच्या घरात. परवाना मिळाला की एअरबस किंवा बोइंगचं टाइप रेटिंग, आणखी दहा-वीस लाख, तेही बहुतेकदा उमेदवारानेच भरायचे. नोकरी मिळेपर्यंत परवाना जिवंत ठेवायचा खर्च वेगळा. आणि कंपनीच बसली तर? २०१२ साली किंगफिशर बसली, २०१९ साली जेट, २०२३ साली गो फर्स्ट. कर्जाचे हप्ते बसत नाहीत.

बँकेत गेली तर साहेबांनी सरळ सांगितलं, साडेसात लाखांच्या वर तारण हवं. तारण म्हणजे जमीन. जमीन वडिलांच्या नावावर. वडील म्हणाले, "रान गहाण टाकलं तर तुझ्या भावाचं काय? आणि तुझ्या लग्नाला पंचवीस लाख काढून ठेवलेत ना!" म्हणजे पैसे नव्हते असं नाही. मुलीला घराबाहेर काढायला होते, वर उडवायला नव्हते.

आत्या तोवर गप्प होती. मग म्हणाली, "ताई, त्या सातबाऱ्यावर माझंही नाव लागलं असतं. साडीचोळीवर सही करून दिली. माहेर तुटू नये म्हणून."

१९९४ साली महाराष्ट्राने वारसा कायद्यात दुरुस्ती करून मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांच्या बरोबरीचा हक्क दिला. २००५ साली तो देशभर आला. कागदावर हक्क आहे. तलाठ्याकडे हक्कसोडपत्र आहे. जिने आपला वाटा ओवाळणीत सोडला, तिच्याकडे बँकेपुढे ठेवायला उरतं काय? मंगळसूत्र. त्यावर टाइप रेटिंगसुद्धा होत नाही.

काही कार्यकर्त्या म्हणतील, आपल्या बायकांना रोजगार हमीवर काम मिळत नाही आणि तुम्ही विमानांचं काय घेऊन बसलात! बरोबर आहे. पण बारामतीला आणि गोंदियाच्या बिरसीला विमान शिकवणाऱ्या शाळा आहेत. भंडारा-गोंदियाकडे भातलावणी करणाऱ्या बाईच्या डोक्यावरून ते शिकाऊ विमान जातं, आणि तिच्या मुलीसाठी त्या शाळेचं फाटकही उघडत नाही. ही विमानांची गोष्ट नाही, फाटकाची आहे.

पैसा नाही, हे सरकारने सांगू नये. त्याच १९९४ साली हवाई दलात स्त्री वैमानिकांची पहिली तुकडी दाखल झाली. तिथे मुलीच्या बापाकडून ४५ लाख मागत नाहीत. प्रशिक्षण सरकार देतं, कारण सरकारला वैमानिक हवे असतात. हवाई कंपन्यांनाही वैमानिक हवेत, शेकड्यांनी विमानं मागवून ठेवली आहेत. मग शिकवायचा धोका मुलीच्या घराने का घ्यायचा? कंपन्यांनी शिकवावं आणि पगारातून हप्त्याने वळतं करावं. सरकारी अकादमीत गरीब घरच्या मुलींच्या जागा पूर्ण फीमाफीच्या असाव्यात. बँकांनी जमीन न बघता होणारी नोकरी बघून कर्ज द्यावं. आणि बाळंतपणात उड्डाण थांबतं तेव्हा तासांवर मोजला जाणारा भत्ताही थांबतो, हप्ता थांबत नाही, याचाही जाब आत्ताच विचारून ठेवला पाहिजे. कर्ज घेताना हे कुणी सांगत नाही.

ती मुलगी सध्या बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आत्याने भावाला वकिलामार्फत नोटीस पाठवली आहे. दिवाळीला माहेरहून बोलावणं आलं नाही. वाट्याला एकर-सव्वाएकर येईल असं वकीलबाई म्हणतात. तेवढं तारण पुरणार नाही, हे आत्यालाही माहीत आहे.