आधी संशय, मग पुरावा

नॉर्मन ज्युइसनचा ‘इन द हीट ऑफ द नाइट’ हा १९६७ सालचा चित्रपट मी अलीकडेच पुन्हा पाहिला. मिसिसिपीतल्या स्पार्टा नावाच्या गावात कारखाना काढायला आलेल्या उद्योगपतीचा खून होतो. स्टेशनवर गाडीची वाट पाहत बसलेल्या एका कृष्णवर्णीयाला पोलीस पकडून आणतात. पुरावा काय, तर कातडीचा रंग आणि पाकिटातल्या नोटा! हा व्हर्जिल टिब्स निघतो फिलाडेल्फियाचा पोलीस अधिकारी, खुनाच्या तपासातला तज्ज्ञ. गोरा पोलीसप्रमुख गिलेस्पी त्याची मदत घेतो खरा, पण नाइलाजाने. कारण मृताची पत्नी बजावते, टिब्स नसेल तर कारखानाही नाही.

त्या काळी दक्षिणेत जाणे सिडनी पॉइटिएला सुरक्षित वाटत नव्हते. म्हणून मिसिसिपीचे बहुतेक चित्रीकरण इलिनॉयमध्ये झाले. कापसाच्या मळ्याचा गोरा मालक टिब्सच्या थोबाडीत मारतो आणि टिब्स क्षणाचाही विलंब न लावता ती परत करतो, या प्रसंगामागे हे वास्तव उभे आहे. पण दिग्दर्शक टिब्सलाही देव करीत नाही. मळेवाल्यावरच्या रागापोटी तोही काही काळ चुकीच्या माणसामागे धावतो. पूर्वग्रह तपासाला आंधळा करतो, मग तो कोणाचाही असो.

मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येमुळे १९६८ चा ऑस्कर सोहळा दोन दिवस पुढे ढकलावा लागला. सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मान याच चित्रपटाला मिळाला. अभिनयाचे पारितोषिक मात्र गिलेस्पी साकारणाऱ्या रॉड स्टायगरला. पॉइटिएला साधे नामांकनही नव्हते. गोऱ्याच्या हृदयपरिवर्तनाचे कौतुक झाले. ज्याने अपमान गिळून त्याला शहाणे केले, तो बाजूलाच राहिला.

शेवटी गिलेस्पी टिब्सची बॅग उचलून त्याला गाडीपर्यंत सोडतो. एक माणूस बदलला. गाव बदलले काय? २५ मे २०२० रोजी मिनिआपोलिसमध्ये पोलिसांनी जॉर्ज फ्लॉइडला धरले, ते वीस डॉलरची बनावट नोट चालवल्याच्या संशयावरून. पोलिसाच्या गुडघ्याखाली त्याचा जीव गेला. त्या पोलिसाला २०२१ मध्ये शिक्षा झाली, हे खरे. पण टिब्सजवळ निदान पोलिसाचा बिल्ला होता. बिल्ला नसलेल्याने आपले माणूसपण कशाने सिद्ध करायचे? चित्रपट संपला तरी हा प्रश्न मला सोडत नाही.