व्याज ही मेहेरबानी नाही, उशिराचे भाडे आहे

जमिनीच्या मोबदल्याच्या केसचा निकाल लागला की पाड्यावर पहिला प्रश्न विचारला जातो, "किती मंजूर झाले?" दुसरा प्रश्न, "कधी मिळणार?" तिसरा प्रश्न कोणी विचारत नाही. हातात पडेपर्यंत त्या पैशावर व्याज किती, आणि ते कोणत्या तारखेपासून? आमचे म्हणणे आहे की हा तिसरा प्रश्न सगळ्यांनी विचारायला शिकले पाहिजे, कारण पहिल्या दोन प्रश्नांची खरी उत्तरे त्यातच आहेत.

हे आत्ताच लिहायचे कारण आहे. धरणात जमीन गेलेल्या काही पाड्यांवर सध्या निरोप फिरतोय, "वाढीव रक्कम लगेच मिळवून देतो, व्याज तेवढे सोडा, तडजोडीवर सही करा." काही जणांनी अंगठे दिले पण. त्यांना आम्ही नावे ठेवत नाही. घरात दाणा नसला की माणूस हातात येईल ते घेतो. पण जे अजून थांबलेत त्यांनी सोडण्याआधी आपण काय सोडतोय ते मोजून बघावे.

आपल्या लोकांना व्याज माहीत नाही असे कोण म्हणेल? पावसाळ्यात सावकाराकडून खावटी घ्यायची, आणि नाचणी-भात निघाले की सवाईने, दिढीने परत करायची, हे आपल्या आज्या-आजोबांनी जन्मभर केले. चार महिन्यांत मणाचा दीड मण. त्या व्याजापायी जमिनी गेल्या. म्हणून व्याज शब्द ऐकला की आपल्याला देणेच आठवते. आपल्यालाही कोणी व्याज देणे लागतो, हे डोक्यात येत नाही. सरकारने जमिनीचा ताबा घेतला आणि पैसे दिले नाहीत, तर त्या दिवसापासून सरकार आपले ऋणको आहे. आपली जमीनही त्याच्याकडे, आपला पैसाही त्याच्याकडे. मग त्या पैशाचे भाडे त्याने का देऊ नये?

आता कोर्ट व्याजाचा दर कसा ठरवते ते बघू. साध्या पैशाच्या दाव्याला दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम ३४ लागते. त्यात व्याजाचे तीन तुकडे पडतात. पहिला, दावा लावण्याच्या आधीचा काळ. तिथे करारात काय लिहिलेय ते बघतात, नाहीतर १९७८ चा व्याजाचा कायदा बघतात. दुसरा, दावा लावल्यापासून निकालापर्यंतचा काळ. तिथे न्यायाधीशाला वाजवी वाटेल तो दर. तिसरा, निकालापासून पैसे मिळेपर्यंतचा काळ. इथे कायद्याने झाकण घातलेय, शेकडा ६ च्या वर नाही. हे झाकण १९५६ साली आले. पुढे १९७६ साली त्याला एक दार ठेवले. देणे व्यापारी व्यवहारातले असेल तर कोर्ट ६ टक्क्यांच्या वर जाऊ शकते, करारातल्या दरापर्यंत, आणि करार नसेल तर बँकांच्या कर्जाच्या दरापर्यंत.

ह्याचा अर्थ नीट समजून घ्या. व्यापाऱ्याचे व्यापाऱ्याकडे अडकलेले पैसे असतील तर बँकेच्या दराने व्याज मिळू शकते. आणि कोणी आमची उभी पिके मोडली, बांधावरची झाडे तोडली, म्हणून आम्ही भरपाईचा दावा जिंकलो, तर निकालानंतर जास्तीत जास्त ६ टक्के. व्यापाऱ्याच्या पैशाला पाय आहेत, तो फिरला असता, वाढला असता, असे कायदा मानतो. आमच्या पैशाने बैल आला असता, विहीर खोदली असती, पोरगी शाळेत राहिली असती, ते कायद्याच्या हिशोबात येत नाही.

त्याच कलमात आणखी एक गोष्ट आहे, ती आम्ही हजारदा सांगू. निकालात पुढच्या व्याजाबद्दल एक शब्दही नसेल तर ते व्याज कोर्टाने नाकारले असेच धरले जाते, आणि त्यासाठी वेगळा दावा लावता येत नाही. म्हणजे गप्प राहणे म्हणजे नाही म्हणणे. मागितले नाही तर गेले.

भूसंपादनाचे गणित वेगळे आहे आणि ते आपल्या बाजूचे आहे. १८९४ च्या भूसंपादन कायद्यात आधी ६ टक्के दर होता. १९८४ च्या दुरुस्तीने तो पहिल्या वर्षाला ९ टक्के आणि त्यानंतर १५ टक्के केला. ही दुरुस्ती २४ सप्टेंबर १९८४ ला लागू झाली. भूसंपादन अधिकाऱ्याने स्वतः ठरवलेली रक्कम ताबा घेण्याआधी दिली नाही, तर ह्या कायद्याच्या (तो २०१४ साली रद्द झाला) कलम ३४ खाली ताब्याच्या दिवसापासून ह्या दराने व्याज द्यावेच लागत असे. (दोन्ही कायद्यांत कलमाचा नंबर ३४ च आहे. वकील बोलताना कोणते ३४ ते विचारून घ्या.) आणि कोर्टाने अधिकाऱ्याच्या निवाड्यापेक्षा रक्कम वाढवली, तर त्या वाढीव रकमेवर त्या कायद्याच्या कलम २८ खाली हेच ९ आणि १५ टक्के मिळत, ताब्याच्या दिवसापासून ते रक्कम कोर्टात भरेपर्यंत. फक्त कलम २८ मध्ये कोर्ट व्याज "देऊ शकते" असे शब्द होते. म्हणून मागावे लागते, आणि निकालात लिहून घ्यावे लागते.

हिशोब करू. कोर्टाने १०,००० रुपये वाढवून दिले असे धरा, आणि ताबा घेऊन ७ वर्षे झाली. पहिल्या वर्षाचे ९००. पुढच्या ६ वर्षांचे दरसाल १,५०० प्रमाणे ९,०००. एकूण व्याज ९,९००. म्हणजे मुद्दलाएवढेच व्याज! जुन्या ६ टक्क्यांनी हेच व्याज ४,२०० झाले असते. आता तडजोडीचा कागद पुन्हा वाचा. "व्याज तेवढे सोडा" म्हणजे अर्धा पैसा सोडा. अर्धी जमीन पुन्हा एकदा फुकट द्या.

ताब्याच्या तारखेचाही असाच घोळ आहे. शेतात बुलडोझर शिरतो एका साली, आणि पंचनाम्याच्या कागदावर तारीख पडते दुसऱ्या सालची. वरच्या हिशोबात एक वर्ष गळले की १,५०० रुपये गेले. म्हणून खुणा, साक्षी, कोणत्या हंगामात कोणते पीक उभे होते, सगळे वहीत लिहून ठेवा. म्हाताऱ्यांना विचारा, त्यांना सण आणि पाऊस धरून सगळे आठवते.

पण १५ टक्के मिळाले म्हणून खूष व्हायचे का? आम्ही म्हणतो, नाही. हे सरळ व्याज आहे. व्याजावर व्याज नाही. तेच १०,००० रुपये १५ वर्षे अडकले तर कायद्याने होतात ३१,९००. बँक कर्जावर १२ टक्के चक्रवाढ घेते असे धरले, तर १५ वर्षांत १०,००० चे ५४,००० च्या वर जातात. आपण बँकेचे देणे लागतो तेव्हा चक्रवाढ, सरकार आपले देणे लागते तेव्हा सरळ. म्हणून खालच्या कोर्टातून वर, तिथून आणखी वर, अशी अपिले चालू राहिली तर नुकसान आपलेच. उशीर करणाऱ्याला उशीर परवडतो तोवर तो उशीर करणारच. व्याजाचा दर म्हणजे उशिराला लावलेला लगाम आहे. तो सैल असेल तर घोडा थांबणार कसा?

काही जण म्हणतात, जास्त व्याज दिले तर सरकारी तिजोरीवर, म्हणजे जनतेवरच, बोजा पडेल. आमचे उत्तर सोपे आहे. वेळेवर पैसे द्या, एक पैसा व्याज पडणार नाही. बोजा व्याजाचा नाही, दिरंगाईचा आहे. आणि ज्याची जमीन गेली तो पण जनताच आहे ना?

दुसरा आक्षेप आपल्याच साथींचा आहे, आणि तो आम्हाला जास्त महत्त्वाचा वाटतो. ते म्हणतात, जमीन आपली आई, आणि तुम्ही टक्केवारी मोजत बसलात. ही तर सौदेबाजी झाली. साथींनो, जमिनीला जमीन ही आपली पहिली मागणी होती आणि आहे. पैशाने जमीन भरून निघत नाही. पण जी गेली, जिच्यावर पाणी चढले, तिचे पैसे तिकडे अडकलेत, ते कोणाच्या तरी कामी येतातच. ते आपण मोजले नाहीत तर दुसरा कोणी मोजून घेईल. हिशोब सोडणे म्हणजे तत्त्व पाळणे नाही.

दर काही आभाळातून पडत नाही. माणसे बसून ठरवतात. आपल्याच राज्याचा १९७४ चा, अनुसूचित जमातींना जमिनी परत करण्याचा कायदा बघा. बिगर-आदिवासीकडून जमीन परत घेताना आदिवासीने आकाराच्या ४८ पट रक्कम आणि सुधारणांची किंमत द्यायची, ती जास्तीत जास्त १२ वार्षिक हप्त्यांत देता येते, आणि व्याज सरळ, शेकडा साडेचार. म्हणजे देणारा कोण आहे, त्याची ताकद किती, हे बघून दर ठरवता येतो. मग देणारे सरकार असेल आणि घेणारा भूमिहीन झालेला आदिवासी असेल, तेव्हा दर वर का जाऊ नये?

म्हणून आमच्या मागण्या अशा:

१. भूसंपादनाच्या वाढीव मोबदल्यावर व्याज मोजताना दरसाल चक्रवाढ धरावी.

२. साध्या दाव्यात निकालानंतरचे ६ टक्क्यांचे झाकण काढावे. व्यापाऱ्याला बँकेचा दर मिळत असेल तर शेतकरी-मजुराच्या भरपाईलाही तोच दर मिळावा.

३. व्याज देणे कोर्टाच्या मर्जीवर ठेवू नये. कायद्यात "देऊ शकते" च्या जागी "दिलेच पाहिजे" असे लिहावे.

मागण्या पुऱ्या होतील तेव्हा होतील. तोवर प्रत्येक पाड्याने करायची कामे ही:

निवाड्याचे पैसे घेताना "अंडर प्रोटेस्ट", म्हणजे हरकत ठेवून घेतले, असे लिहूनच सही किंवा अंगठा द्या. तसे न लिहिता घेतले तर वाढीव मोबदला मागायचा हक्क जातो. वाढीव मोबदल्याचा अर्ज मुदतीत करा. निवाड्याच्या वेळी हजर असाल तर मुदत फक्त सहा आठवडे आहे. अर्जात व्याज मागितल्याची ओळ आहे का ते वाचून घ्या, वाचता येत नसेल तर शाळेतल्या पोराकडून वाचून घ्या. शेजाऱ्याची रक्कम कोर्टाने वाढवली आणि तुमची जमीन त्याच अधिसूचनेत गेली असेल, तर तुम्ही आधी अर्ज केला नसला तरी तीन महिन्यांत मागता येते.

आणि शेवटची, फार थोड्यांना माहीत असलेली गोष्ट. सरकारने वाढीव रक्कम कोर्टात भरली की त्या दिवशी व्याज थांबते. तुम्हाला कळो न कळो. रक्कम तिथे पडून राहते आणि आपण इकडे वाट बघत बसतो. म्हणून दर महिन्याला वकिलाला विचारा, "पैसे भरले का?" भरले असतील आणि अपिलामुळे उचलता येत नसतील, तर ते बँकेत मुदत ठेवीत ठेवावेत असा अर्ज लगेच द्यायला सांगा.

तडजोडीचा कागद घेऊन कोणी पाड्यावर आला तर एकट्याने सही करू नका. बैठक बोलवा, त्याच्यासमोरच हिशोब मांडा, किती वर्षे, किती टक्के, किती रुपये. मग गावाने मिळून ठरवायचे. सावकाराच्या वहीत काय लिहिलेय ते आपल्या आजोबांना वाचता येत नव्हते. आपल्यातल्या पोरांना आता वाचता येते, तर सरकारच्या वहीतले आपले येणे आपणच वाचून काढू.

जिंदाबाद!