डेव्हलपरसाठी कोणतं सर्टिफिकेट? आधी विचारा, ते मोजणार कोण!

एडब्ल्यूएस करू, ॲझ्युअर करू की जावाचं सर्टिफिकेट घेऊ? इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षातल्या मुलांचा आणि पहिली नोकरी लागून वर्ष-दोन वर्षं झालेल्यांचा हा ठरलेला प्रश्न. आमच्या बॅचच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तो यायचा, आता ज्युनिअर्सच्या ग्रुपवर येतो. उत्तरही बदललेलं नाही: ‘क्लाउड कर, स्कोप आहे.’

पण यात खिशातला पैसा जातो. ॲमेझॉनच्या असोसिएट पातळीवरच्या परीक्षेचं मूळ शुल्क १५० डॉलर आहे. त्यावर कर धरला की एका प्रयत्नाला १५ हजार रुपयांच्या आसपास खर्च येतो. पुण्यात कॉट बेसिसवर राहून नोकरी शोधणाऱ्या मुलासाठी ही तीन-चार महिन्यांच्या भाड्याची रक्कम झाली. नापास झालात तर १४ दिवस थांबा आणि पुन्हा पूर्ण शुल्क भरा.

आपल्याकडे सर्टिफिकेटवर इतका विश्वास का, याचं एक कारण एमएस-सीआयटी असावं. राज्य सरकारच्या अनेक पदांच्या जाहिरातीत एमएस-सीआयटी किंवा समकक्ष प्रमाणपत्राची अट असते. कागद असेल तर पात्र, नसेल तर अपात्र. सॉफ्टवेअर कंपन्यांच्या भरतीत असा सरसकट नियम नाही. तिथे एखादं सर्टिफिकेट एका कंपनीला फार मोलाचं असतं, तर शेजारच्या कंपनीत त्याबद्दल कोणी विचारतही नाही.

कंपनीला सर्टिफिकेट का हवं असतं?

कोणता मार्ग निवडायचा, याचं निम्मं उत्तर इथे आहे आणि क्लासवाले नेमकं हेच सांगत नाहीत.

ॲमेझॉन, मायक्रोसॉफ्ट, गुगल, सेल्सफोर्स या कंपन्या आपली उत्पादनं भागीदार कंपन्यांमार्फत ग्राहकांपर्यंत नेतात. पुण्या-मुंबईतल्या आयटी सर्व्हिस कंपन्या अशाच भागीदार असतात. या भागीदारीत पायऱ्या असतात. एडब्ल्यूएसमध्ये सिलेक्ट, ॲडव्हान्स्ड, प्रीमियर अशी त्यांची नावं आहेत. वरच्या पायरीवर जायचं तर इतर अटींबरोबर ठरावीक संख्येने प्रमाणित कर्मचारी दाखवावे लागतात. मायक्रोसॉफ्टच्या भागीदारीतही कर्मचाऱ्यांच्या प्रमाणपत्रांचे गुण धरले जातात. पायरी वरची असेल तर कंपनीला सवलती मिळतात, ग्राहकासमोर वजन वाढतं.

थोडक्यात, सर्व्हिस कंपनीत तुमचं सर्टिफिकेट कंपनीच्याही उपयोगाचं असतं. म्हणून अशा अनेक कंपन्या परीक्षेचं शुल्क स्वतः देतात. याउलट, स्वतःचं ॲप किंवा प्रॉडक्ट बनवणाऱ्या कंपनीला भागीदारीच्या पायरीशी देणंघेणं नसतं. तिथे कोडिंग राउंड होतो, सिस्टिम डिझाइनवर प्रश्न येतात, तुमचा गिटहब उघडून पाहिला जातो. अशा कंपनीसाठी १५ हजार रुपये घालून परीक्षा देण्यापेक्षा तोच वेळ डेटा स्ट्रक्चर्सना आणि एका पूर्ण प्रोजेक्टला द्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

सेल्सफोर्सचं गणित मात्र वेगळं आहे. तिथे जवळपास सगळं काम एकाच प्लॅटफॉर्मवर चालतं आणि नोकरीच्या जाहिरातीत ॲडमिनिस्ट्रेटर किंवा प्लॅटफॉर्म डेव्हलपर ही सर्टिफिकेट्स नाव घेऊन मागितली जातात. या वाटेने जायचं पक्कं असेल, तर नोकरीआधी परीक्षा देण्यात अर्थ आहे. अभ्यासाचं साहित्य ‘ट्रेलहेड’वर फुकट आहे. पण वाट अरुंद आहे, हेही लक्षात घ्या. तिथून जावा किंवा पायथॉनच्या नोकरीकडे वळायचं तर बरंच काही नव्याने शिकावं लागतं.

सगळे कागद सारखे नाहीत

क्लास संपल्यावर मिळतं ते हजेरीचं प्रमाणपत्र. ऑनलाइन व्हिडिओ बघून संपवले की मिळतं ते कोर्स पूर्ण केल्याचं. आणि देखरेखीखाली परीक्षा देऊन मिळतं ते खरं सर्टिफिकेशन. ते एका लिंकवर कोणालाही पडताळून पाहता येतं. लिंक्डइनवर तिन्ही सारखीच चमकतात, मुलाखत घेणाऱ्याला मात्र फरक कळतो.

कमी पैशांत देखरेखीखालची परीक्षा द्यायची असेल तर एनपीटीईएल आहे. आयआयटी आणि आयआयएससीचे प्राध्यापक शिकवतात, कोर्स मोफत असतो आणि केंद्रावर होणाऱ्या परीक्षेचं शुल्क हजार रुपये असतं. कंपनीत याचा बोलबाला कमी, पण अल्गोरिदम किंवा ऑपरेटिंग सिस्टिमचा पाया याने पक्का होतो आणि अनेक कॉलेजांत क्रेडिटही मिळतं. सी-डॅकचा पीजी-डॅक हा तर सहा महिन्यांचा पूर्णवेळ अभ्यासक्रम आहे. सी-कॅट ही प्रवेश परीक्षा देऊन मुलं तिथे जातात. प्रमाणपत्राइतकंच तिथलं कॅम्पस प्लेसमेंट हेही त्यामागचं कारण असतं.

क्लाउड ठरलं, पण कोणतं?

ज्या १५-२० कंपन्यांत तुम्हाला खरोखर अर्ज करायचा आहे, त्यांच्या जाहिराती उघडा आणि कोणत्या क्लाउडचं नाव किती वेळा येतं ते मोजा. डॉट नेट आणि सी शार्पवर काम करणाऱ्या टीममध्ये ॲझ्युअर दिसण्याची शक्यता जास्त असते. स्टार्टअपकडे एडब्ल्यूएस बऱ्यापैकी आढळतं. नोकरीत असाल तर हा प्रश्नच उरत नाही, तुमचा प्रोजेक्ट ज्या क्लाउडवर आहे तेच करा. रोजच्या कामाचा निम्मा अभ्यास आपोआप होतो.

डेव्हलपरने अगदी पायाभूत पातळीवरच्या परीक्षेवर पैसे घालू नयेत. एडब्ल्यूएसची क्लाउड प्रॅक्टिशनर (१०० डॉलर) किंवा मायक्रोसॉफ्टची एझेड-९०० या परीक्षा सेल्स, मॅनेजमेंट अशा विभागांतल्या लोकांनाही झेपाव्यात अशा बेताने आखलेल्या आहेत. कोड लिहिणाऱ्याने थेट असोसिएट पातळीची तयारी करावी.

यातल्या बहुतेक परीक्षा पर्याय निवडण्याच्या असतात. कुबरनेटिसच्या सीकेए आणि सीकेएडी या परीक्षा वेगळ्या. दोन तास समोर टर्मिनल असतं आणि प्रत्यक्ष बिघाड दुरुस्त करावा लागतो. अधिकृत डॉक्युमेंटेशन उघडून बघायची परवानगी असते, म्हणजे पाठांतराचा उपयोग शून्य. शुल्क ४०० डॉलरच्या पुढे आहे, पण त्यात एक फेरप्रयत्न धरलेला असतो. डॉकर आणि लिनक्स वर्षभर वापरल्याशिवाय तिकडे फिरकू नका.

कागदाला मुदत असते

एडब्ल्यूएसचं सर्टिफिकेट तीन वर्षं चालतं. मायक्रोसॉफ्टचं असोसिएट पातळीचं एका वर्षात संपतं, पण ऑनलाइन चाचणी देऊन ते मोफत वाढवता येतं. सीकेएची मुदत एप्रिल २०२४ पासून तीनवरून दोन वर्षांवर आली. जावाचं सर्टिफिकेट आवृत्तीला बांधलेलं असतं. ते कालबाह्य ठरवलं जात नसलं, तरी जावा १७ किंवा २१ वर काम करणाऱ्या टीमसमोर जावा ८ चा कागद जुनाच दिसतो.

कधी कधी तर परीक्षाच गुंडाळली जाते. गुगलचं टेन्सरफ्लो डेव्हलपर सर्टिफिकेट मशिन लर्निंगकडे वळणाऱ्यांमध्ये लोकप्रिय होतं. २०२४ मध्ये ते बंद झालं. सध्या एआयच्या नावाने नवनवी सर्टिफिकेट्स येत आहेत, त्यांच्याकडे बघताना हे उदाहरण आठवा.

‘डम्प’बद्दलही बोलायला हवं. टेलिग्रामवर दोन-तीनशे रुपयांत प्रश्नसंच मिळतात. परीक्षेआधी स्वीकारलेल्या अटींत त्यांना स्पष्ट मनाई असते. पकडलं गेल्यास निकाल रद्द होतो, पुढे परीक्षेला बसण्यावर बंदीही येऊ शकते. पकडलं गेलं नाही, तरी ‘हा आर्किटेक्चर डायग्राम काढून दाखवा’ असं मुलाखतीत म्हटलं की पंचाईत होते.

फ्रेशर असाल तर अभ्यास आताच सुरू करा, पण परीक्षेची तारीख ऑफर हातात आल्यावर घ्या. रुजू होताना एचआरला तीन गोष्टी विचारा: परीक्षेचं शुल्क कंपनी देते का, ते आधी मिळतं की पास झाल्यावर, आणि त्यानंतर नोकरी सोडली तर ते परत कापून घेतलं जातं का. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ईमेलवर लेखी मागून घ्या.