तुंगच्या माथ्यावरून
पायथ्याच्या तुंगवाडीतून तुंगचा सुळका छातीत धडकी भरवतो, पण तासाभरात माणूस माथ्यावर असतो. घेर एवढासा, नाव मात्र कठीणगड. १६६५च्या पुरंदरच्या तहात मोगलांना द्याव्या लागलेल्या २३ किल्ल्यांत तोही होता. माथ्यावर तुंगाईचं छोटं देऊळ, पलीकडे तिकोना, लोहगड, विसापूर आणि खाली पसरलेलं पवना धरणाचं पाणी. सुंदरच आहे ते. तरी मला त्याखाली गेलेली भातखाचरं आधी दिसतात. हेच पाणी नदीतून रावेतच्या बंधाऱ्यापर्यंत जातं, तिथून उचलून पिंपरी-चिंचवडच्या नळांना येतं. काठावर तंबूत रात्र काढायला येणाऱ्यांनो, एवढं ध्यानात असू द्या: ज्यांच्या जमिनी इथे बुडाल्या, त्यांना पुनर्वसनासाठी दशकानुदशकं झगडावं लागलं आहे.