डावा कोपरा

भाताची झोडणी आटोपली की शहापूर-मुरबाडच्या गावांतून कबड्डीचे फलक झळकू लागतात. किन्हवली, डोळखांब, सरळगाव, टोकावडे, धसई, कुठूनही जा, रस्त्याकडेला एखादा फलक असतोच. शाळेमागच्या पटांगणात नाहीतर रिकाम्या खाचरात खडे वेचून, पाणी मारून मैदान करतात आणि दिव्यांच्या उजेडात सामने पहाटेपर्यंत रंगतात. फलकावर सांघिक बक्षिसांच्या खाली वैयक्तिक बक्षिसं लिहिलेली असतात : उत्कृष्ट खेळाडू, उत्कृष्ट चढाई, उत्कृष्ट पकड. यातल्या शेवटच्या बक्षिसाचं मला फार अप्रूप आहे. जगातल्या सगळ्यात श्रीमंत खेळाला जे नीट जमलेलं नाही, ते आमची गावठाणातली मंडळं वर्षानुवर्षं करत आली आहेत.

तो श्रीमंत खेळ म्हणजे फुटबॉल. वर्षातल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूला बॅलन डी'ओर हा किताब १९५६ पासून दिला जातो. इतक्या वर्षांत पुरुषांमध्ये तो फक्त तीन बचावपटूंच्या वाट्याला आला. फ्रान्झ बेकेनबाउरला १९७२ आणि १९७६ असा दोनदा, मॅथियास झामरला १९९६ मध्ये आणि इटलीच्या फाबिओ कॅनाव्हारोला २००६ मध्ये. तिघांतले दोघे जर्मन आहेत, आणि मला ते योगायोगाचं वाटत नाही. जर्मनीने १९७४ चा विश्वचषक जिंकला तेव्हा कर्णधार बेकेनबाउर होता, २०१४ चा जिंकला तेव्हा फिलिप लाम. दोघेही बचावफळीतले. मागे उभा राहणारा माणूस अख्खं मैदान पाहत असतो, तर संघ त्याच्याच हाती द्यावा, असं त्या देशाला वाटलं.

लामची कारकीर्द मी फार आवडीने वाचली आहे. म्युनिकमध्ये जन्मलेला, जेमतेम १७० सेंटिमीटर उंचीचा मुलगा. तिथल्याच बायर्न क्लबच्या संघात जागा नव्हती म्हणून दोन हंगाम स्टुटगार्टकडून खेळला, परत आला आणि मग बायर्नचाच झाला. देशासाठी ११३ सामने खेळला, विश्वचषक हातात आल्यावर तिशीतच राष्ट्रीय संघातून निवृत्त झाला आणि २०१७ मध्ये खेळ थांबवला. एवढ्या वर्षांत त्याला एकदाही लाल कार्ड मिळालं नाही. समोरच्याला अडवणं हेच ज्याचं काम, त्याने ते इतक्या स्वच्छपणे करावं, याला माझ्या लेखी शंभर गोलांइतकी किंमत आहे.

फुटबॉलची अडचण अशी की बचावपटूचं यश म्हणजे न झालेला गोल, आणि न झालेल्या गोष्टीची नोंद होत नाही. कबड्डीने हा प्रश्न मुळातच सोडवला आहे. चढाईपटूने गडी टिपला तर एक गुण, चढाईपटूला धरला तरी एक गुण. मैदानात तीन किंवा त्याहून कमी गडी उरले असताना पकड केली तर आता वर आणखी एक मिळतो. अडवणाऱ्याला मारणाऱ्याच्या बरोबरीने मोजणारा खेळ आपल्या मातीतला आहे, याचा मला अभिमान वाटतो.

त्यातही कोपरारक्षक. सात जणांच्या साखळीच्या दोन टोकांना, सगळ्यात खोलवर हे दोघे उभे असतात. बोनस रेषा ओलांडायला येणारा पाय त्यांच्याच अंगावर येतो. डोळे चढाईपटूच्या चेहऱ्याकडे गेले की संपलं. पाहायचं ते कमरेखाली, वजन कुठल्या पायावर आहे ते. पाय हवेत असतो त्या क्षणी वाकून चवडा धरायचा, आणि धरल्यावर शेजारचा गडी येऊन धडकेपर्यंत सोडायचा नाही. तो उशिरा आला तर चढाईपटू कोपऱ्याला फरपटत मध्यरेषेपर्यंत नेतो. टाच तोंडावर बसते, बोटं मुरगळतात, खांदा निखळतो. १९७० च्या विश्वचषकात इटलीविरुद्धच्या उपांत्य सामन्यात बेकेनबाउरचा खांदा निखळला, बदली खेळाडू संपले होते, म्हणून हात छातीशी बांधून तो जादा वेळेत शेवटपर्यंत खेळला. जर्मनी ४-३ ने हरली, तरी ते छायाचित्र जगभर गेलं. आमच्याकडे खांद्याला पट्टी बांधून पुढचा सामना खेळणारा कोपरा दर हंगामात दिसतो. सकाळी तो मुरबाडच्या एमआयडीसीत पाळीवर जातो, नाहीतर आसनगावहून लोकल पकडतो. त्याचं छायाचित्र कोणी काढत नाही.

याच कोपऱ्यावरून आपल्या शेजारचा एक मुलगा देशाच्या संघापर्यंत पोचला. कल्याणचा गिरीश इर्नाक, डावा कोपरा. प्रो कबड्डीत पाटणा, बंगाल, पुणे, गुजरात अशा संघांकडून तो खेळला, पुणेरी पलटणचं नेतृत्वही केलं. जानेवारी २०१८ मध्ये हैदराबादला महाराष्ट्राने सेनादलाला ३४-२९ असं हरवून अकरा वर्षांनी राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवलं, त्या संघात तो होता. कर्णधार होता मुंबईचा चढाईपटू रिशांक देवाडिगा.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत दोघेही भारताकडून उतरले. १९९० पासून सलग सात सुवर्णपदकं जिंकलेला भारत तिथे उपांत्य फेरीत इराणकडून २७-१८ असा हरला आणि कांस्यपदक घेऊन परतला. त्या पराभवाची चर्चा करताना आपण चढाया चुकल्या असं म्हणतो. मला वेगळं दिसतं. इराणने आपल्याला १८ गुणांवर रोखलं ते पकडींवर, आणि त्यांच्या बचावाचा कणा होता फझल अत्राचली, तोही डावा कोपराच. हा खेळ पकडीवर जिंकता येतो, हे आपलंच गणित त्यांनी आपल्याला सोडवून दाखवलं.

पैशाचं गणित मात्र तिरकं आहे. २०१८ च्या प्रो कबड्डी लिलावात सहा खेळाडूंनी एक कोटीचा टप्पा गाठला. त्यात निव्वळ बचावपटू एकटा फझल होता, आणि सहांत सर्वांत कमी रक्कम त्याची. बाकीच्यांची किंमत चढायांमुळे. गावच्या मैदानातही हेच झिरपलं आहे. पाच चढायांत पाच गडी टिपले की निवेदकाचा आवाज टिपेला जातो, प्रेक्षकांतून नोटा येतात. कोपऱ्याने तीस सेकंद चढाईपटूला बोनस घेऊ न देता रिकामा परत पाठवला तर निवेदक म्हणतो, ‘निष्फळ चढाई.’ ती निष्फळ कोणी केली, तेवढं नाव घ्यायला काय हरकत आहे? लहान मुलं ऐकत असतात. ज्याचं नाव गाजतं, त्याची जागा त्यांना हवी असते. म्हणून शाळेच्या संघात चढाईला दहा जण पुढे येतात आणि कोपऱ्यात कोणाला तरी ढकलावं लागतं.

आमच्या दोन्ही तालुक्यांतल्या मंडळांना माझी विनंती आहे. उत्कृष्ट पकडीचं बक्षीस फलकावर आहेच, ते रकमेनेही चढाईच्या बरोबरीचं करा. आणि गुणपत्रकात एक रकाना जास्तीचा आखा. पकडीचा गुण पहिल्यांदा पाय धरणाऱ्याच्या नावे लागतो, ते योग्यच आहे. पण चढाईपटूला मध्यरेषेच्या हातभर अलीकडे थोपवणारा दुसरा गडी कोण होता, तेही लिहा, आणि बक्षीस समारंभात ते नाव माईकवरून वाचा.