विषय पालटावा कसा?

आमच्या शाळांतून मराठी संभाषण शिकविण्याची एक ठराविक रीत आहे. गुरुजींनीं प्रश्न करावा व विद्यार्थ्यानें पूर्ण वाक्यांत उत्तर द्यावें. रीत चांगली आहे. परंतु तिच्यांत एक मोठी उणीव राहून गेली आहे, असें आम्हांस वाटतें. उत्तर कसें द्यावें हें आपण शिकवितों. उत्तर द्यावयाचें नसल्यास तें मर्यादा राखून कसें टाळावें, हें शिकवीत नाहीं.

डहाणू व तलासरी या तालुक्यांत ही उणीव विशेष जाणवते. येथील अनेक मुलांच्या घरीं वारली बोली चालते, बाजारांत गुजराती कानीं पडते, आणि पुस्तकांतील मराठी त्यांस शाळेंतच शिकावी लागते. दिवाळीनंतर कित्येक कुटुंबें उचल घेऊन वसई-भिवंडीकडे वीटभट्टीच्या कामास जातात. परत आलेल्या मुलास भरवर्गांत विचारिलें जातें, "इतके दिवस कोठें होतास?" घरच्या उचलीची गोष्ट चारचौघांत सांगणें त्याच्या जिवावर येतें. पुस्तकी भाषा ज्याच्या अंगवळणीं पडली आहे तो सहज म्हणेल, "गुरुजी, तें मागाहून सांगतों, आधीं माझा कोणता धडा राहिला तें सांगाल का?" हें वाक्य ज्याच्यापाशीं नाहीं, तो मान खालीं घालितो, किंवा "ताप आला होता" म्हणून मोकळा होतो. मग मौनास उद्धटपणा व असत्यास खोडी समजून आपण शिक्षा करितों. वस्तुतः उणीव शीलाची नसून शब्दांची असते.

मराठींत असे शब्द विपुल आहेत. "असो", "तें राहूं द्या", "पाहूं पुढें", "बरी आठवण झाली" यांपैकीं प्रत्येकानें बोलण्याचा ओघ वळवितां येतो. पण प्रत्येकाची पायरी निराळी. "असो" हा थोरांच्या तोंडीं शोभणारा शब्द. शिष्यानें गुरूस "असो" म्हटलें तर तें उर्मटपणाचें ठरतें. ही पायरी कोशांत सांपडत नाहीं. ती शिकवावीच लागते.

यानें मुलें लबाड होतील, अशी शंका कोणी घेतील. आमच्या मतें गोष्ट उलट आहे. "तें मागाहून सांगतों" यांत असत्य तिळमात्र नाहीं. सभ्यपणें गप्प राहण्याची वाट ठाऊक नसली म्हणजेच खोटें बोलण्याची पाळी येते. शिवाय या भागांत नुसत्या "हो"ची किंमत फार जबर पडलेली आहे. १९४५ सालीं झरी येथें वारली बांधवांनीं वेठ न करण्याचा निर्धार केला, तो हजारोंनीं एकत्र येऊन. परंतु सावकारापुढें, मुकादमापुढें वा कचेरींत माणूस एकटाच उभा असतो. तेथें "घरीं विचारून सांगतों" एवढें वाक्य वेळेवर सुचलें, तर कागदावर अंगठा उठण्यापूर्वीं विचारास अवधि मिळतो.

त्याच वर्षीं ताराबाई मोडक यांनीं बोर्डीस ग्रामबालशिक्षा केंद्र काढिलें. पुढें कोसबाड येथें त्यांनीं व अनुताई वाघ यांनीं गुरें राखणाऱ्या मुलांसाठीं कुरणांतच शाळा नेली. मूल जेथें असेल तेथें शिक्षकानें जावें, हा त्यांचा धडा. तोच संभाषणाच्या तासासही लावावा. एकानें खोदून विचारावें व दुसऱ्यानें नम्रपणें विषय पालटावा, असा अभ्यास आठवड्यांतून एकदां घ्यावा. आणि मुलानें खरोखरीच विषय पालटला, तर गुरुजींनीं तो पालटूं द्यावा. विचारावयाचें तें एकांतीं विचारावें. इतकें झालें म्हणजे पुस्तकी मराठी परीक्षेपुरती न राहतां आमच्या मुलांची स्वतःची होईल, असा आम्हांस भरंवसा वाटतो.