रजिस्टर बंद करण्याचा आदेश कोण काढणार?

केंद्र सरकारच्या एका रुग्णालयाच्या कामकाजाचा आढावा घेणाऱ्या समितीवर असताना मी तेथील रक्ततपासणी प्रयोगशाळेत एक सकाळ काढली. प्रत्येक नमुन्याची नोंद चार ठिकाणी होत होती : आवक रजिस्टर, विभागाचे रजिस्टर, संगणक आणि अहवाल-वाटपाचे रजिस्टर. वडिलांचे वा पतीचे नावसुद्धा तीनदा. मात्र रक्त किती वाजता काढले, याचा रकाना कुठेही नव्हता.

ही किरकोळ उणीव नव्हे. नळीतील रक्तपेशी साखर वापरतच राहतात. रक्तद्रव वेगळा केला नाही, तर साखर तासाला साधारण 5 ते 7 टक्क्यांनी घटते. फ्लोराइडची नळीही पहिल्या तासा-दोन तासांतील घट पुरती रोखत नाही. आठला काढलेला नमुना नोंदींच्या रांगेत अकरापर्यंत पडून राहिला, तर मधुमेही माणूस निरोगी ठरून घरी जाऊ शकतो. म्हणजे वह्या भरण्यात गेलेला वेळच निकाल बिघडवतो, आणि नेमका तोच वेळ वहीत दिसत नाही!

"मग या वह्या बंद का करत नाही?"

"साहेब, ऑडिटचा आक्षेप येईल."

कोणत्या वर्षीचा, कोणता परिच्छेद? कुणालाही सांगता आले नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा, 2000 च्या कलम 4 ने इलेक्ट्रॉनिक नोंदीला लेखी नोंदीची मान्यता कधीच दिली आहे. रक्तपेढ्यांना नोंदी 5 वर्षे जपाव्या लागतात आणि ते रास्तच आहे, कारण दात्यापर्यंत माग काढता यायला हवा. परंतु त्या नियमाच्या आडोशाने तपासणी प्रयोगशाळेतील वाटप-वही जगवण्याचे कारण नाही.

दोष तंत्रज्ञांचा नाही, आम्हा अधिकाऱ्यांचा आहे. नवी वही सुरू करण्यास तोंडी सूचना पुरते. जुनी बंद करण्यास सही लागते, आणि सही करणारा उद्या जबाबदार धरला जातो. म्हणून संगणक आला तोही चौथे रजिस्टर होऊनच. अर्थशास्त्रात ज्याला संधी खर्च म्हणतात, तो येथे डोळ्यांनी दिसतो : सेंट्रिफ्यूजपाशी हवा असलेला तंत्रज्ञ पट्टीने रेघा आखत बसलेला असतो.

दोन वह्या बंद कराव्यात आणि रक्त काढल्याची वेळ, नमुना पोहोचल्याची वेळ व नाकारल्याचे कारण संगणकात नोंदवावे, अशी शिफारस मी केली. काही महिन्यांनी अनुपालन अहवाल आला. शिफारस तत्त्वतः मान्य झाली होती. त्या तीन रकान्यांसाठी स्वतंत्र रजिस्टर उघडण्यात आले होते.